उत्तर न देणाऱ्या सहा पेट्या

मिल्केया कुएवास आमच्या इस्पितळात चौतीस वर्षं नोकरीला होती, आणि त्यातली पहिली एकोणीस वर्षं तिचं सगळं काम कानानं चालायचं. ती टेलिफोन ऑपरेटर. बाहेरून फोन आला की समोरच्याच्या श्वासावरून तिला कळायचं, बाळंतपण आहे की अपघात. मग एका वर्षी तो खटक्यांचा बोर्ड काढून टाकला. मिल्केयाला घरी पाठवायचं की ठेवायचं, यावर संचालकांनी डोकं खाजवलं आणि शेवटी तिला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं. तिथे शिकलेले इंजिनियर यायचे, वर्षभर राहायचे आणि राजधानीत चांगली नोकरी मिळाली की आमच्या बाराओना गावाला टाटा करायचे. मिल्केया तेवढी राहिली.

त्या पोरांकडून ती जे शिकली ते सगळं काळ्या पडद्यावरचं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक ओळ टाइप करायची, खाली उत्तर येतं. मी एकदा म्हटलं, "बाई, तुला हे किचकट वाटत नाही?"

"किचकट ते चित्रांचं. त्यात काय दाबावं कळत नाही. इथं मी विचारते आणि तो सांगतो. टेलिफोनच झाला की."

मी नेरेइदा, त्याच इस्पितळात डायलिसिसची नर्स. माझ्या वॉर्डात सहा यंत्रं, आणि प्रत्येक यंत्राशेजारी गुडघ्याएवढी, चाकांवर उभी असलेली एक राखाडी पेटी. यूपीएस. आमच्या गावचे जे लोक न्यूयॉर्कला जाऊन स्थायिक झालेत त्यांनी आठ वर्षांपूर्वी त्या पाठवल्या होत्या. लाईट गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत रक्त फिरतं ठेवायला. पाद्रीबुवांनी पाणी शिंपडून आशीर्वाद दिला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि राधामेस मेद्रानोनं त्या जोडल्या.

राधामेस इस्पितळाचा इलेक्ट्रिशियन. पण मिल्केयाला तो त्याहून बराच जास्त. तिच्या मुलाला, एल्विनला, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातात धरलं होतं, आणि आमच्याकडे अशा माणसाचं नातं सख्ख्या भावाच्याही वर. तो तिला कोमाई म्हणायचा, ती त्याला कोंपाई. मिल्केयाचा नवरा पोर्तो रिकोला जातो म्हणून गेला तो गेलाच. त्यानंतर छप्पर गळलं, नळ फुटला, एल्विनची फटफटी बिघडली, की राधामेस हजर. तिची आई दोन्या बिएना फुप्फुसाच्या आजारानं ऑक्सिजनच्या यंत्रावर आली तेव्हा त्यानंच घरी इन्व्हर्टर बसवून दिला. लाईट दिवसातून चार-चार वेळा जाणाऱ्या गल्लीत म्हातारी त्यावर पाच वर्षं श्वास घेत होती. मिल्केया रोज प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायची. मी ऐकलंय.

ती सप्टेंबरातली गोष्ट. वादळांचे दिवस. रेडिओवर एकाचं नाव यायचं, ते उत्तरेला वळायचं, की दुसऱ्याचं. संचालकांनी हुकूम काढला की इस्पितळातल्या सगळ्या यूपीएसची खबर कॉम्प्युटरच्या खोलीत आली पाहिजे. कुणाची बॅटरी किती भरलीये, कोण थकलाय, सगळं एका जागी दिसलं पाहिजे. कागदावर अकरा नोंदलेले होते. पाच इकडे तिकडे, क्ष-किरण, प्रयोगशाळा वगैरे, आणि सहा माझ्या वॉर्डात.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी प्रिंटरची तक्रार घेऊन तिच्या खोलीत गेले.

"बस गं. थर्मासमध्ये कॉफी आहे, घे. मी हजेरी घेतेय."

"कुणाची?"

"यूपीएसची. वॉर्डावॉर्डात फिरायला आता गुडघे कुठले आणू? इथूनच हाका मारते."

तिनं मला दाखवलं. नट-स्कॅनर नावाची एक आज्ञा होती. तिला इस्पितळाच्या जाळ्यातला पहिला नंबर आणि शेवटचा नंबर सांगायचा. मग ती एकेका नंबराचं दार ठोठावत जाते: तू वीज साठवणारा आहेस का? असशील तर नाव सांग, कंपनी सांग, तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलायचं ते सांग. जो असतो तो बोलतो, बाकीचे गप्प बसतात.

तिनं ओळ टाइप केली. पडदा क्षणभर थांबला, मग खाली अक्षरं उमटायला लागली. एक. दोन. तीन, चार. पाच. आणि पुढे रिकामी ओळ.

"पाचच?" मी म्हटलं.

"थांब. कानानं अधू असतील काही. जास्त वेळ वाट बघायला सांगते." तिनं आकडा वाढवून परत विचारलं. आम्ही अर्धी कॉफी संपवली. पाच.

तिनं चष्मा पुसला आणि कागदाची यादी पडद्याशेजारी धरली. "नेरेइदा, तुझ्याच वॉर्डातले नाहीत. सहाच्या सहा."

"वायर तुटली असेल."

"तुझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर त्याच वायरीवर आहे. तो बोलतोय. हे बघ, लगेच उत्तर देतोय."

"अगं, हिरवे दिवे लागलेत सगळ्यांचे. आत्ता बघून आले."

"मग बोलत का नाहीत?" ती म्हणाली. चेहऱ्यावर अजून काळजी नव्हती. समोरच्यानं फोन उचलला नाही की ऑपरेटरला येतो तसला नुसता राग होता. ड्रॉवरमधून स्क्रू-ड्रायव्हर काढून ती उठली.

वॉर्डात पाच जण यंत्रावर होते. सहाव्या खुर्चीवरचा रोगी त्या दिवशी आला नव्हता, म्हणून आम्ही त्याचीच पेटी ओढली. चांगली जड होती. पाचव्या खुर्चीत एलिहिओ मास्तर वर्तमानपत्र वाचत पडले होते. निवृत्त शिक्षक. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेत, मिल्केयालाही, मलाही.

"काय गं मिल्केया, खजिना शोधतेस?" ते म्हणाले.

"हो मास्तर. मिळाला तर तुम्हाला निम्मा."

चार स्क्रू निघाले. तिनं मागचा पत्रा बाजूला केला आणि तशीच बसून राहिली. मला वाटलं उंदीर निघाला असेल. मी वाकून पाहिलं.

आत सिमेंटचे ब्लॉक होते. चार, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, हलू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा खोचलेला. भिंतीतून येणारी वायर आत येऊन सरळ बाहेर पडत होती आणि यंत्राला जात होती; तिच्यावरूनच एक बारकी तार काढून पुढच्या हिरव्या दिव्याला जोडली होती. बॅटरी नव्हती. सर्किटची पाटी, म्हणजे हाकेला उत्तर देणारा पेटीचा सगळा मेंदू, उपसून काढलेला होता. नसत्या बॅटरीसाठी तो दिवसभर किंचाळत बसला असता, म्हणून.

"काय निघालं?" मास्तरांनी विचारलं.

मीच वेड्यासारखी बोलून गेले, "ब्लॉक. घर बांधायचे."

बाकीच्या पाचांचे पत्रे आम्ही यंत्रं न थांबवता नुसते सैल करून आत टॉर्चचा उजेड टाकला. ब्लॉक. ब्लॉक. एकात तर नदीतले गोटे. मी आठ वर्षं त्या पेट्या ओल्या फडक्यानं पुसत होते. दर सोमवारी.

आणि मग मला मार्च महिना आठवला.

एरवी लाईट गेली की यंत्रं क्षणभर थांबायची आणि जनरेटर उठला की परत चालायची, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. मार्चमध्ये एका दुपारी लाईट गेली आणि जनरेटर सुरूच झाला नाही. सतरा मिनिटं. सहाही यंत्रं बंद पडली, सहा माणसांचं रक्त नळ्यांमध्ये अडकलेलं. आम्हाला वाटलं, पेट्या जुन्या झाल्या, दम धरला नाही. यंत्राच्या बाजूला एक हँडल असतं. ते हातानं फिरवून रक्त परत शरीरात घालायचं. नर्स आम्ही दोघी. दारातल्या नातेवाइकांना ओरडून बोलावलं, त्यांच्या हातात हँडलं दिली. चौघांचं रक्त परत गेलं. दोघांचं नळीतच गोठलं. त्यातले एक एलिहिओ मास्तर. मी त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी पोचले, कारण ते ओरडत नव्हते. आधीच अंगात रक्त कमी, त्यात ते गेलं. पाच आठवडे मास्तर अंथरुणाला खिळले, दोनदा रक्त चढवावं लागलं. त्या दिवशी जनरेटर दुरुस्त करून राधामेस घामानं निथळत वॉर्डाच्या दारात आला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मी स्वतः त्याला लिंबाचं सरबत करून दिलं होतं.

हे सगळं मास्तरांच्याही डोक्यात त्याच क्षणी आलं असणार. त्यांच्या मांडीवरून वर्तमानपत्र घसरलं आणि त्यांनी ते उचललं नाही.

"याला हात फक्त एकाच माणसाचा लागतो," मिल्केया म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

राधामेस मागच्या अंगणात जनरेटरच्या शेडमध्ये होता. दोन उकडलेल्या केळ्यांचा कुस्करा आणि तळलेलं चीज डब्यात, अर्धं खाल्लेलं. आम्हा दोघींना बघून तो हसला, मग मिल्केयाच्या हातातला ब्लॉक त्याला दिसला. ती तो उचलून घेऊन आली होती, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

"कोंपाई, हे काय आहे?"

त्यानं नाही म्हटलं नाही. डबा बंद केला, झाकण नीट दाबलं.

"कोमाई, हळू बोल."

"हे काय आहे विचारते."

"बॅटऱ्या नुसत्या पडून कुजत होत्या. जनरेटर आहे ना इस्पितळाला? दहा सेकंदांत उठतो. दहा सेकंदांसाठी चोवीस बॅटऱ्या, आणि गल्लीत माणसं अंधारात मरतात."

"मार्चमध्ये नाही उठला तुझा जनरेटर."

"ते एकदाच." त्यानं मान खाली घातली. "ते एकदाच झालं, कोमाई. त्या दिवसानंतर मी नीट झोपलेलो नाही. देवाशप्पथ."

"झोपला नाहीस!" मी मध्येच ओरडले. "आणि सरबत कसं प्यायलास?"

तो माझ्याकडे बघेना. मिल्केया त्याच्या अगदी जवळ गेली. "कुणाला विकल्यास?"

"दोन पेट्यांतल्या विकल्या. खोटं नाही बोलत. बाकीच्या दिल्या. प्रार्थनाघराला दिल्या. इन्सुलिन ठेवायला फ्रीज लागतो त्या मोनिकाच्या घरी दिल्या. एक माझ्याकडे."

"ह्या झाल्या पाच. सहावी?"

त्यानं बंद डब्याचं झाकण पुन्हा दाबलं.

"राधामेस. सहावी कुठाय?"

इतक्या वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. तोही दचकला. मग म्हणाला, अगदी हळू, जणू तिचीच समजूत घालतोय, "तुझ्या आईच्या यंत्राला वीज कुठून येते वाटलं तुला, कोमाई?"

ब्लॉक तिच्या हातातून पडला. त्याच्या पायावर पडता पडता वाचला. मी तिचा दंड धरला तर तो बर्फासारखा गार, सप्टेंबरच्या त्या उकाड्यात. तिनं मला विचारलं, "तू ऐकलंस का गं हे?" जणू फोनवर आवाज तुटत होता आणि तिला खात्री करून घ्यायची होती.

वॉर्ड माझ्या जोडीदारणीवर सोपवून आम्ही तडक तिच्या घरी गेलो. दोन्या बिएना नाकात नळी लावून दारात बसून चवळीच्या शेंगा सोलत होती. लाईट होती. मिल्केया मागच्या खोलीत गेली, इन्व्हर्टरखालच्या फळीवरचं मेणकापड ओढून काढलं. चार बॅटऱ्या. तिसरीच्या कडेला कागदाची पट्टी अर्धवट खरवडलेली. उरलेल्या अर्ध्यावर इस्पितळाचा शिक्का आणि नंबर. तो नंबर मिल्केयाच्याच अक्षरात होता. पेट्या आल्या तेव्हा नोंद तिनंच केली होती. पाच वर्षं ते मेणकापड तिनं वरून पुसलं होतं, खाली कधी पाहिलं नव्हतं.

म्हातारीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, ज्याचं त्याला देऊन टाक. ती भडकली.

"आणि लाईट गेली की? मी काय करू? मरू?"

"मी आहे ना, आई."

"तू काय वीज आहेस?"

मग म्हातारी बराच वेळ खोकली, नळी नीट केली आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "एलिहिओ मास्तर होता का रे देवा त्या सहांत?"

"होते."

"मग मला कशाला विचारतेस? घेऊन जा. पण आधी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बोलाव."

दुकानदार आला. त्याच्याकडे दुकानाच्या फ्रीजसाठी मोठा इन्व्हर्टर होता. त्यानं काही विचारलं नाही, त्याच्या खिडकीतून म्हातारीच्या खिडकीपर्यंत लांब वायर ओढली आणि गल्लीतल्या पोरांना दम भरला, "हिच्यावर कपडे वाळत घातले तर याद राखा." तासाभरात चारही बॅटऱ्या मासेवाल्याच्या टेम्पोत घालून आम्ही परत निघालो. टेम्पोला मासळीचा वास येत होता. मिल्केया मागे, बॅटऱ्यांना दोन्ही हातांनी धरून बसली होती.

संचालकांना द्यायचा अहवाल तिनं त्याच दुपारी लिहिला. कुठली पेटी, त्यातल्या बॅटऱ्या कुठे. यादीत पहिला पत्ता स्वतःचा टाकला. मी म्हटलं, "अगं, परत आणल्यास ना. शेवटी लिही, नाहीतर लिहूच नकोस." तिनं ती ओळ तशीच ठेवली आणि खाली सही केली.

मग ती वॉर्डात आली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. मास्तरांची सुई काढायची वेळ झाली होती. मी त्यांच्या दंडावर कापूस दाबून धरला होता. खुर्च्यांच्या मधोमध उभी राहून ती मोठ्यानं बोलली, पाचही जणांना ऐकू जाईल असं. पेट्या रिकाम्या आहेत. बॅटऱ्या राधामेसनं काढल्या. एका पेटीतल्या माझ्या घरी होत्या, मला माहीत नव्हतं, आता परत आणल्यात.

कोपऱ्यातली एक बाई रडायला लागली. मास्तर तिच्याकडे एकटक बघत होते, वर्गात बघायचे तसे.

"मिल्केया."

"हो, मास्तर."

"मार्चमध्ये, त्या सतरा मिनिटांत. तुझ्या घरी लाईट होती?"

"आईचं यंत्र चालू होतं, मास्तर."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. माझ्या बोटांखाली त्यांची नाडी मला लागत होती. ती इतकी जोरात चालली होती की मी कापूस आणखी घट्ट दाबला.

पुढचं मी थोडक्यात सांगते. राधामेसची नोकरी गेली, खटला झाला, आठ महिने तो तुरुंगात होता. सहांपैकी चार पेट्यांच्या बॅटऱ्या परत आल्या. मोनिकाच्या घरच्या पोलिसांनी उचलल्या तेव्हा तिनं दारात उभं राहून शिव्याशाप दिले, ते राधामेसला नव्हते, मिल्केयाला होते. इन्सुलिनचा डबा मग आमच्या वॉर्डाच्या फ्रीजमध्ये राहू लागला. संचालकांनी परवानगी दिली की नाही मला माहीत नाही. मी विचारलीच नाही. विकलेल्या मिळाल्या नाहीत. नव्या पेट्या फेब्रुवारीत आल्या, आणि तोपर्यंत लाईट गेली की मी आणि माझी जोडीदारीण हँडलं धरून उभ्या असायचो. दोन्या बिएना दुकानदाराच्या वायरीवर आणखी चौदा महिने जगली आणि एका सकाळी, लाईट असताना, गेली.

मास्तर आठवड्यातून तीनदा यायचे, दोन वर्षं. मिल्केया वॉर्डात आली की तिच्या 'नमस्कार मास्तर'ला मान हलवायचे. एवढंच. त्यांच्या अंत्ययात्रेला ती रस्त्याच्या पलीकडल्या बाजूनं चालली.

एल्विनला गेल्या वर्षी मुलगी झाली. तिच्या बाप्तिस्म्याला राधामेस न बोलावता आला, इस्त्री केलेला सदरा घालून, आणि चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसला. नंतर अंगणात जेवणं चालू होती, तो फाटकाबाहेर उभा. कुणी त्याला आत ये म्हणेना, जा म्हणेना. मिल्केयानं एक ताट वाढलं, भात, राजमा, बकऱ्याचं मटण, आणि फाटकाशी नेऊन त्याच्या हातात दिलं. त्यानं उभ्यानंच खाल्लं आणि ताट भिंतीवर ठेवून गेला.

भांडी घासताना मी तिला विचारलं. इतकी वर्षं ते माझ्या मनात होतं.

"तुला आधी माहीत असतं, की एका पेटीतल्या बॅटऱ्या तुझ्याच घरात आहेत, तर त्या दिवशी ती आज्ञा दिली असतीस?"

ती ताट घासत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"हे मला विचारू नकोस, नेरेइदा," ती म्हणाली. "मी स्वतःलाच विचारून पाहिलंय."